समोरच्या अंगणातली पाटी

पुण्याहून निघताना दादासाठी भाजणी आणि लसणाची चटणी घेतली. माफी कशी मागायची, ते मात्र ठरलं नव्हतं. दादा माझा थोरला भाऊ. तीस वर्षं अमेरिकेत काढून सध्या सिंगापूरला लेकीकडे, मीनलकडे, आला होता.

निवडणूक अमेरिकेची होती, मला तिथे मतही नाही. तरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्वांत जोरात मीच भांडलो. दादानं सहज लिहिलं होतं, "समोरच्या शेजाऱ्याच्या अंगणात विरोधी पक्षाच्या प्रचाराची पाटी आहे. तरी त्याच्या दारातला बर्फ मी काढतो, माझ्या दारातला तो." मी उत्तर दिलं, "याला लाचारी म्हणतात." शाबासकीचे चार अंगठे आले. दादा ग्रुप सोडून गेला. पुढे वहिनी आजारी पडली आणि गेली. मला मीनलकडून दहाव्या दिवशी कळलं.

मीनलच्या तोआ पायोह भागातल्या फ्लॅटवर दादानं माझं स्वागत पाहुण्यासारखं केलं. दोन दिवस आम्ही हवा आणि एमआरटीची (तिथल्या मेट्रोची) स्वच्छता यांवर बोललो. मी राजकारण काढलं की म्हणायचा, "असेल, तुझं बरोबर असेल." लहानपणी कॅरमच्या एका सोंगटीवरून संध्याकाळभर हुज्जत घालणारा माणूस!

तिसऱ्या सकाळी खालच्या हॉकर सेंटरमध्ये (खाण्याच्या गाळ्यांचं छपराखालचं आवार) गेलो. दादा कोपी (तिथली दाट, गोड कॉफी) आणायला रांगेत उभा राहिला. मी बसलो त्या टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं. कुणी विसरलं असेल, म्हणून एक काढून मी घाम पुसला. तेवढ्यात ताट घेऊन एक चिनी आजोबा आले.

"अंकल, माय सीट."

मी इंग्रजीत विचारलं, "तुमचं नाव लिहिलंय का इथे?"

दादा धावत आला. "अरे, पाकीट ठेवलं की जागा धरली, अशी इथली रीत आहे!" माझ्या वतीनं त्यानंच माफी मागितली.

आजोबा हसून तिथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाले, "कॅन शेअर लाह. सिट, सिट." उरलेलं पाकीटही त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

मी मराठीत विचारलं, "दादा, तो तुझा समोरचा कसा आहे?"

"वॉल्ट? माझं काम असलं की तुझ्या वहिनीला दवाखान्यात तोच न्यायचा. गाडीभर तिच्याशी राजकारणावरून वाद. ती म्हणायची, 'हा इतका भांडतोय, म्हणजे मी वाचणार.'" दादानं कोपीचा घोट घेतला. "पाटी अजून आहे त्याची."

"मी लाचारी म्हणालो होतो."

"मताचा राग नव्हता रे. तू माझ्याशी बोलतच नव्हतास. त्या चौघांशी बोलत होतास."

माफी ओठांवर आली, पण परक्या माणसासमोर लाजलो. विमानतळावर तर आमच्यासोबत कुणीच परकं नव्हतं, तरीही राहिली. दादा म्हणाला, "पोचलास की कळव."

घरी पोचल्यावर ग्रुप उघडला आणि मोठी माफी लिहिली. खरीखुरी, डोळे पुसत. पाहता पाहता अकरा अंगठे आले. मग आठवलं, दादा या ग्रुपवर नाही.

पुन्हा मी त्यांच्याशीच बोललो होतो.