पाइपचं माझं टोक

माझा हात लवकर उठायचा. इचलकरंजीत वडील यंत्रमागावर होते, त्यांचाही उठायचा. बोलून सांगणं आमच्या घरात कुणाला जमलंच नाही. तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नापास झालास तर मागावर हुबा करतो."

कोल्हापूरच्या आमच्या कॉलेजात तेव्हा दोघांत एक कॉम्प्युटर. माझा जोडीदार कुरुंदवाडचा, अंगानं माझ्या निम्मा. प्रश्न आला: सी भाषेत दोन प्रोसेस, म्हणजे एकाच वेळी चालणारे दोन प्रोग्राम, मध्ये आकडे वाहून नेणारा पाइप, एकीनं आकडे पाठवायचे, दुसरीनं ते घेऊन शेवटी बेरीज दाखवायची. पाठवणारी मी लिहिली, घेणारी त्यानं. चालवलं. आकडे एकेक करून पडद्यावर आले आणि सगळं ठप्प. बेरीज येईना. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घड्याळ पाहिलं आणि आम्हाला उठवलं.

सायकल स्टँडवर मी त्याची कॉलर धरली. "माझं आकडं पोचलं न्हवं? मग अडाकलं कुणाचं?"

"तू तुझं टोक बंद केलं न्हाईस मर्दा. ते उघडं हाय तवर माझं वाट बघतच बसणार की. अजून काय तरी येतंय म्हणून..."

पुढचं मी ऐकलं नाही. तोंडावर ठोसा घातला. तो सायकलींवर पडला, चार-पाच सायकली त्याच्यासकट आडव्या झाल्या. मग लाथा. दोन्ही हातांनी डोकं झाकून तो तेच सांगत होता, "एक ओळ हाय रं, एकच..." मला तेव्हा बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. परत ठोसा मारला तेव्हा त्याचा दात माझ्या मुठीत घुसला आणि मी थांबलो.

दप्तर आणायला लॅबमध्ये गेलो. मशीन चालूच होतं. रक्ताळल्या हातानं माझं टोक बंद करणारी ती ओळ घातली. बेरीज लगेच आली.

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघांना बोलावलं. मारामारी म्हणजे कॉलेजातून नाव कमी, हे ठरलेलं. "सायकलवरनं पडलो," तो सुजल्या तोंडानं म्हणाला. "आणि सर, चूक माझ्या भागात होती. ह्याला परत बसू द्या." तो एकदा आमच्या घरी राहिला होता, वडिलांचा हात त्यानं पाहिला होता.

मी दात लागलेली मूठ खिशात घातली. एकटा परत बसलो, पास झालो. तो त्या विषयात नापास झाला.

निकाल ऐकून वडिलांनी आयुष्यात पहिल्यांदा शाबासकीला हात उचलला. मी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.