कापून बघणारे भावजी

वस्तू वरून चांगली दिसते म्हणून ती चांगली असते, हे माझ्या धाकट्या दिरांनी उभ्या जन्मात मानलं नाही. चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत त्यांनी तपासणीचं काम केलं. ढिगातला एक नग उचलायचा, मधोमध कापायचा, आत वेल्डिंग नीट धरलंय का बघायचं, मगच बाकीचा माल पुढे. निवृत्त झाले तरी हात थांबला नाही. मंडईत एक वांगं कापल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात तर व्याह्यांनी आणलेला लाडू सुरीनं कापून सगळ्यांसमोर उजेडात धरला आणि म्हणाले, "पाक बरा हाय. होऊ द्या." व्याही अजून त्यांच्याशी धड बोलत नाहीत.

अशा माणसाच्या मानेत गाठ आली. सुपारीएवढी, न दुखणारी. भर मे महिन्यात मफलर गुंडाळून फिरायला लागले, तेव्हा मीच तो ओढून काढला आणि त्यांना चिंचवडला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नुसता हात लावून कळायचं नाही. कॅन्सर असेल, टीबी असेल, साधी सूजही असेल. गाठ काढून तपासायला पाठवू, मग औषध ठरवू."

भावजी उठलेच. "कापायची न्हाई. कापलं की पसरतं."

"कोणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"समदेच म्हंत्यात." आणि बाहेर.

मी मागे गेले. म्हटलं, "जन्मभर लोकांचा माल कापलात की."

"त्यो लोखंडाचा व्हता, वैनी."

"न कापता एक तरी ढीग पास केला असता का?"

पायातली चप्पल पुन्हा काढली. मग "न्हाई" म्हणाले आणि आत गेले.

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत पानात पडेल ते मुकाट्यानं जेवले. कशाला नाव ठेवलं नाही. मला तेच बघवत नव्हतं.

टीबीची गाठ निघाली. बाई म्हणाल्या, "सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही. बरी होते." टीबी झाल्याचा एवढा आनंद बाईंनी दुसऱ्या कुणाला झालेला बघितला नसेल. भावजी पेढे आणायला निघाले होते.

बाहेर बाकावर बसल्यावर मला म्हणाले, "वैनी, तुमी लई भ्याला व्हता."

"व्हय," मी म्हटलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा हे चौथीत होते आणि घर माणसांनी भरलेलं होतं. एकेक करून सगळी गेली. आता मी गल्लीभर आजी आहे. वैनी म्हणून हाक मारणारा हा एकच माणूस उरलाय.