खरपुडीचा कंद

वनस्पतीचं शास्त्रीय चित्र काढायचं तर नुसत्या फुलानं भागत नाही. पान, कळी, शेंग आणि मुळं, सगळं कागदावर यावं लागतं. आमच्या कामाची रीतच ती. तिच्याआड मी बरेच दिवस लपले.

दौलताबादजवळच्या माळावर शेळ्या राखणाऱ्या एका मावशींनी मला खरपुडीचा वेल दाखवला. हिरवट, कंदिलासारखं इवलं फूल. त्यांच्या लहानपणी पोरं हिचे कंद उकरून कच्चेच खायची. आता माळावर ही एकच उरलेली. भोवती त्यांनी बाभळीचे काटे रचले होते. "चितर काढ, पण उपटू नको," म्हणाल्या. मी व्हय म्हटलं.

आठ दिवसांनी गेले, तर मावशी पलीकडच्या उतारावर होत्या. मला काय अवदसा आठवली कोण जाणे! चित्र झालं की परत आणून लावू, असं मनाला बजावत खुरप्यानं कंद काढला, माती सारखी केली, काटे होते तसे ठेवले. घरी देठावरची जांभळी छटा काही केल्या जमेना. पाच दिवस गेले. कंद सुरकुतला. मग कुंडीत लावला, तिथं सडला. जन्मभर झाडं रंगवणारी मी, लई शहाणी!

पुढं मावशी भेटल्या तेव्हा वेल गेल्याचंच सांगत होत्या. "शेळीनं खाल्ला असेल," मी बोलून गेले. त्यांनी एका दांडगट शेळीवर आळ घेतला, तिला मारलं, पुन्हा तिकडं धावू नये म्हणून तिच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवलं. कंद खाली हाय, पुढल्या साली फुटंल, असं मलाच समजावलं. मी मान हलवली. त्या मानेची मला आजही लाज वाटते.

वर्षभर त्या विचारत राहिल्या, चितर दाव की. शेवटी नेलं. त्यांनी फुलावरून बोट फिरवलं, पानावरून खाली आणलं आणि कंदावर थांबवलं.

"ह्यो कुठं बघितलास?"

मग मी सगळं सांगितलं. त्यांनी चित्र माझ्या हातात दिलं, उठून शेळीपाशी गेल्या आणि तिच्या गळ्यातल्या लोढण्याची गाठ सोडू लागल्या. गाठ घट्ट बसली होती. मी मदतीला हात पुढं केला.

"तू नको," मावशी म्हणाल्या.