चला-चला मामा आणि झाडावरचा आवाज

आमच्या बागेच्या रखवालदाराला सगळे चला-चला मामा म्हणतात. दिवेलागणीला बाग बंद करताना ते शिट्टी वाजवत नाहीत; तिने लहान मुलं दचकतात म्हणे. त्याऐवजी बागभर फिरून हाक देतात, "चला, चला, आई वाट बघतेय!" सत्तरीचे आजोबासुद्धा निमूट काठी उचलतात. मग मामा प्रत्येक झुडपामागे वाकून बघतात आणि मगच कुलूप लावतात.

माझी धाकटी एकदा घसरगुंडीखाली झोपून गेली होती. मला वाटलं, दादाबरोबर पुढे गेली. मामांनीच तिला कडेवर घेऊन फाटकाशी आणलं. माझ्या जिवाचा घोर थोडाफार कमी झालाय तो या माणसामुळे.

म्हणून मामांना कामावरून काढणार असं कानावर आलं, तेव्हा मी तडक त्यांना गाठलं. बागेच्या साहेबांकडे तक्रार गेली होती, की लवकर घरी पळता यावं म्हणून ते उजेडातच लोकांना हुसकावतात.

"ताई, शपथ घेतो, मी नाही ओरडत," मामा रडकुंडीला आले होते. "ते वरचे पोपट ओरडतात. साहेब म्हणतात, मग पोपटालाच आणा कचेरीत!"

कधीतरी कुणाच्या पिंजऱ्यातून सुटलेले हे पोपट आता बागेतच घरटी करून राहतात. पण बोलताना मी कधी ऐकले नव्हते. खरं सांगायचं तर मलाही शंका आली.

शेवटी साहेब स्वतः आले. मामांना फाटकावर बसवून ते आत बाकावर बसले. शेजारच्या बाकावर मी. शेंड्यांवर अजून ऊन होतं. पोपटांचा हिरवा थवा कलकलाट करत उतरला आणि थोड्या वेळाने आवाज आला, अगदी मामांच्या खोकल्यासकट, "चला, चला, आई वाट बघतेय!"

साहेब झटकन उठले, पिशवी उचलून चालू लागले. फाटकाशी पोचल्यावर भडकले, "काय हो, मी आत असतानासुद्धा?"

मामा बाटली तोंडाला लावून घटाघटा पाणी पीत होते. तेवढ्यात मागून पुन्हा हाक आली. साहेबांनी मामांकडे बघितलं, झाडाकडे बघितलं आणि पोट धरून हसले.

"त्यांना सांगा, निदान घड्याळ बघून ओरडा!"

"सांगून बघितलं साहेब. तुम्हीच नोटीस काढा."

मामा राहिले. आता हाक आली की लोक आधी मामा दिसतात का बघतात, मगच उठतात. मी मात्र हाक कुणाचीही असो, पहिल्यांदा घसरगुंडीखाली बघते.