तीन टिंबांचं इंजिन

बंकट मिस्त्रीच्या नाकावर राग असतो, असं चौसाळ्यात म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं! नट ढिला ठेवून गाडी दामटणाऱ्यावर तो ओरडतो, डिझेलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्याला गॅरेजमधून हाकलून देतो, आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. सोळा सालच्या दुष्काळात मात्र तो अडीच-तीन महिने दिसेल त्याच्यावर खेकसत होता, फक्त ज्याच्यावर खेकसायला हवं होतं त्या एकाला सोडून. तो माणूस रोज सकाळी बंकटच्याच चपला घालून गॅरेजला येत होता.

बंकट अंबाजोगाईच्या एका उस्तादाच्या हाताखाली शिकला. उस्तादाची एक शिस्त होती. इंजिन खोलून, सिलिंडर बोअर करून, पुन्हा बांधलं की त्यावरच्या नंबराच्या खाली पोलादी पंचानं तीन टिंबं ठोकायची. बंकटनं एकदा विचारलं, "कावून ठोकायची उस्ताद? गिऱ्हाईक काय बघतंय?"

"गिऱ्हाइकासाठी न्हाईच ते," उस्ताद म्हणाले. "एक दिवस तूच म्हणशील, हे काम माझं न्हाई. तवा ही टिंबं तुला खोटं पाडतील."

बंकटला ते तेव्हा गमतीचं वाटलं होतं. पण शिस्त त्यानं पाळली. चौसाळ्याच्या पंचक्रोशीत तीन टिंबांची इंजिनं रोज धावतात.

त्या साली फाल्गुनात दूध संघाचे चेअरमन मोहनराव गॅरेजला आले. सोबत त्यांच्या वडिलांची, आबांची, चौऱ्याहत्तर सालची पांढरी अँबेसिडर होती. ड्रायव्हर पंडितनं ती ढकलत, धापा टाकत आणली होती. बंकट गाडीभोवती दोनदा फिरला. पत्रा टाकीसारखा ठणठणीत, चेसीला गंज नाही. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला.

"बंकट, आबांची गाडी हाय," मोहनराव म्हणाले. "वरून हाय तशी दिसली पाहिजे, आन् आतून आजची. एसी पाहिजे. स्टेअरिंग एका बोटानं फिरलं पाहिजे. सीटा मागं रेलणाऱ्या. आन् मांजरसुंब्याच्या घाटात एसी चालू असताना दम खायला नको."

"मग इंजिन बदलावं लागंल, मालक."

"इंजिन मी धाडतो."

चार दिवसांनी संघाच्या गाडीतून ताडपत्रीखाली इंजिन आलं. डिझेलचं, वरून चांदीसारखा ताजा रंग मारलेलं. सेकंड हँड इंजिनाला कुणी एवढं नटवतं तेव्हा बंकटच्या मनात पाल चुकचुकते. त्यानं खरवडायच्या पत्रीनं नंबराखालचा रंग काढला. तीन टिंबं निघाली.

ते इंजिन त्यानं दिवाळीतच बांधलं होतं. संघाच्या छोट्या टँकरचं. आधी तो टँकर गावोगावचं दूध गोळा करायचा. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, तेव्हा सभासदांनीच ठराव करून टँकर धुऊन घेतला आणि त्यात पाणी भरून माळावरच्या वस्तीला धाडायला सुरुवात केली. त्या वस्तीत बंकटची आई सरूबाई राहते. दिवसाआड चार घागरी तिच्या वाट्याला यायच्या.

बंकटनं मोहनरावांना फोन लावला. "मालक, हे तर टँकरचं इंजिन हाय."

"टँकर मोडीत काढला बे. पत्रा सडलाय. पाडव्याला नवा येतोय, मोठा. तू तुझं काम कर."

टँकरचा पत्रा सडलेला नव्हता. दिवाळीत बंकटनं त्याच्याखाली आठ दिवस पाठ टेकली होती, त्याला माहीत नसणार तर कुणाला? पण असली गाडी जन्मात एकदाच हाताखाली येते. बीडपासून जामखेडपर्यंत लोक विचारतील, कुणी केली हो ही? पाडव्याला नवा टँकर येणारच आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं, आणि खरवडलेल्या जागेवर पुन्हा रंग मारला.

काम त्यानं जीव ओतून केलं, हे कबूल करायलाच हवं. इंजिनासाठी नवे पाय वेल्ड केले. पुढे डिस्क ब्रेक बसवले, पॉवर स्टेअरिंगचा पंप इंजिनाच्या कुशीत असा चपखल बसवला की कंपनीतून तसाच आल्यासारखा वाटावा. एसीच्या जाळ्या जुन्या डॅशबोर्डच्या लाकडी पट्टीखाली लपवल्या. आबांच्या वेळचं घड्याळसुद्धा त्यानं चालू केलं.

पाडवा आला आणि गेला. टँकर आला नाही. अक्षयतृतीया गेली. सरूबाई साठी उलटलेली बाई, डोक्यावर घागर घेऊन दीड कोसावरच्या विहिरीवर जाऊ लागली. रविवारी बंकट वस्तीवर गेला की ती विचारायची, "टँकर कावून येईना रं? तुझ्या हातचं इंजिन ना ते? तुझं इंजिन कधी बंद पडत न्हाई म्हणतेत." मग बंकट भडकायचा. सरकारवर, तहसीलवर, संघावर, पावसावर. घागर अशी का उचलतेस म्हणून आईवरसुद्धा. गॅरेजला येऊन पाने आपटायचा.

ज्येष्ठात गाडी तयार झाली. घाटात एसी लावून तिसऱ्या गिअरवर सरसर चढली. मोहनरावांनी दिवस निवडला तो संघाच्या सभेचा. आभाळ भरून यायचं, पाऊस नाही, नुसता घामट उकाडा. संघाच्या आवारात मांडव होता. गाडी मांडवाच्या कडेला उभी राहिली, आणि आतली थंडाई टिकावी म्हणून पंडितनं इंजिन चालूच ठेवलं. आवाराच्या कोपऱ्यात जुना टँकर बॉनेट झाकून उभा होता.

मोहनराव माइकवर म्हणाले, "टँकरचं इंजिन जाम झालं, आमी तरी काय करावं? नवा मंजुरीत अडकलाय. मंडळी, पाणी जपून वापरा."

मांडवातल्या बाया मात्र भाषणाकडे बघत नव्हत्या. त्या गाडीच्या पोटाकडे बघत होत्या. तिथून पाणी ठिबकत होतं. एसीचं पाणी, थेंब थेंब, तापल्या मुरुमावर. सरूबाई उठली, गाडीशेजारी खाली बसली आणि हातातला पितळी तांब्या थेंबाखाली सरकवला.

"ए म्हातारे, हो बाजूला!" पंडित धावला. "रंगाला चरा पडंल!"

बंकटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंग! तो रंग त्यानं स्वतः मारला होता. त्यानं पंडितला बाजूला सारलं, बॉनेट उघडलं, चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि खिशातल्या पत्रीनं नंबराखालचा रंग खसाखसा खरवडला.

"या, बघा समदे!" तो ओरडला. "जाम झालेलं इंजिन बघा! ही तीन टिंबं कुणाची हायत? माझी! हे टँकरचं इंजिन हाय. वस्तीचं पाणी आडवून ह्यांनी एसी चालवलाय!"

मोहनराव मंचावरून खाली उतरले. आवाज चढवायची त्यांना गरज वाटली नाही. "आन् बसवलं कुणी बे? तूच ना? पहिल्याच दिवशी वळखलं व्हतंस तू. फोन केलतास मला."

सगळी सभा बंकटकडे वळली. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. त्यानं टिंबांकडे पाहिलं.

"व्हय," तो म्हणाला. "वळखलं व्हतं. गप बसलो. लई मोठं पाप केलं. आता बसवलं त्यानंच काढायचं."

"पोलीस बोलवीन."

"बोलवा. इंजिनाचा नंबर संघाच्या कागदावर हाय, त्यांनाबी दावू."

पंचवीस-तीस सभासद पुढे झाले आणि आबांची अँबेसिडर ढकलत टँकरशेजारी नेली. कुणीतरी गॅरेजमधून चेनपुली आणली. बंकटनं दोन दिवस हात थांबवला नाही. आपणच चपखल बसवलेला एकेक बोल्ट सोडवताना तो शिव्या देत होता, आणि त्या कुणाला आहेत हे आता सगळ्यांना कळत होतं. पॉवर स्टेअरिंगचा पंप, एसीचे पाइप गाडीत तसेच लोंबकळत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर भरून तो स्वतः वस्तीवर घेऊन गेला. बाया घागरी घेऊन धावल्या. सरूबाई रांगेत शेवटी उभी राहिली. तिच्या चार घागरी भरून झाल्यावर बंकट पुढे झाला. "दे आये, मी नेतो."

तिनं घागर दिली नाही. झोपडीत जाऊन तिनं तोच पितळी तांब्या आणला. त्याच्यावर झाकण ठेवलेलं होतं.

"हे तुझ्या गाडीचं," ती म्हणाली. "शिमग्यापासून तुझ्या इंजिनानं आमाला एवढंच दिलं. तूच घेऊन जा."

बंकटनं झाकण काढून पाहिलं. पाव तांब्यासुद्धा नव्हतं.