जमिनीला न टेकलेली खोली

पावस गावाच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, आमची आंब्याची बाग आहे. सातबारा सामाईक. अर्धी नावं मुंबईत, उरलेली माझ्या धाकट्या दिरांच्या मुठीत. नवरा गेला त्या वर्षी मी राखणीसाठी बागेत खोपी बांधायचं काढलं, तर दिरांनी सही द्यायला साफ नकार दिला. बाईमाणसाने सड्यावर एकटं राहायचं नाही, बाग कराराने देऊन टाका, असं त्यांचं म्हणणं. ती कलमं मी माझ्या हाताने लावलेली. माझं डोकंच फिरलं.

नवऱ्याचा पिकअप दारात उभा होता. सुताराकडून प्लायवुडची खोली करून घेतली, वर पत्रा, आत बाज आणि शेगडी, आणि ती उचलून हौद्यात ठेवली. चाकांवरच्या खोलीला कुणाची सही लागते?

हौद्याच्या कडेला गाडीबरोबर आलेले आकडे होते, त्यांनाच दोर आवळले. ते बिचारे ताडपत्री बांधायचे आकडे. बागेची वाट म्हणजे जांभ्या दगडातल्या खाचा. अर्ध्या चढावर मागचे दोन्ही आकडे सरळ झाले आणि खोली घसरून हौद्याच्या मागच्या फाळक्यावर तिरकी अडकली. दीर मोटरसायकलवरून मागे होतेच.

"वयनी, ही खोली भुईला टेकली की बांधकाम झाला," ते म्हणाले. "नि बांधकाम मी पाडणार."

हसत म्हणाले, पण पाडलंच असतं.  मी खोली दोरांनी जखडली आणि गाडी रडतखडत खाली आणली.

मग बंदरावर ट्रॉलरचं लोखंडकाम करणाऱ्या फिटरकडे गेले. तो हौद्याच्या पत्र्यालाच कड्या वेल्ड करायला निघाला. पत्रा फाटेल, मी म्हटलं, बोल्ट थेट खाली चासीपर्यंत ने. ट्रॉलरच्या जाड कड्या, खाली आडवी पट्टी, आणि साखळ्यांच्या मधे स्प्रिंगा. खाचेत गाडी पिळवटते, तेव्हा फार ताठ बांधलेलं आधी तुटतं.

"काकी, गाडी मोडंल पन कडी नाय निघायची," तो म्हणाला.

"गाडी मोडायची नाहीये," मी म्हटलं.

त्या वर्षी चढ चढले तेव्हा खोली करकरली, पण हलली नाही. तेव्हापासून दर हंगामाला मी वर असते. खाऱ्या वाऱ्याने कड्यांना गंज चढतो, तो घासून रंग देते. दीरही दर हंगामाला एकदा येतात, कडी गदागदा हलवून बघतात आणि निघून जातात.

यंदा ऊन फार होतं. चढ चढून ते घामाघूम झाले होते.

"वयनी, घोटभर चाय मिलंल?"

"मिळेल की. वर या, भावजी. खालची जमीन सामाईक आहे."

 त्यांनी फाळक्यावर पाय ठेवला, आणि तोल जाऊ नये म्हणून तीच कडी घट्ट धरली.