वय सांगताना मागून आलेला आवाज

भुताखेताचं मला कधी पटलं न्हाई. पालीजवळ, राजगडाच्या पायथ्याला अख्खी हयात गेली, कधी काय दिसलं न्हाई. चौथी शिकलोय, चुका पोटात घाला.

माझी मालकीण हौसा पौषात गेली. तिचं वर्षश्राद्धसुद्धा झालं नव्हतं, आन म्या मोबाईलवर जोडीदार शोधायला नाव घातलं. लेकाला सांगितलं न्हाई. भोरच्या मोबाईलवाल्या सलीमभाईंनी सगळं भरून दिलं. ते म्हणले, "काका, वरीस तरी होऊ द्या." म्या म्हणलं, तुमी भरा. घरात सून दोन टायम भाकरी देती, पण बोलायला कोण न्हाई.

मोबाईलवर लिवायला जमत न्हाई, म्हणून आवाज भरून पाठवायचो. एका दुपारी गोठ्यात, आसपास कोण न्हाई ते बघून, सारोळ्याच्या एका विधवा बाईला माझी माहिती सांगितली. वय साठ, मालकिणीला जाऊन तीन वर्षं... दोन्ही खोटं.

चार दिवसांनी तिनं सारोळ्याला हायवेवरच्या चहाच्या हाटेलात बोलावलं. धुतलेली टोपी घालून एसटीनं गेलो. ती भावजयीला घेऊन आलेली. म्या बसायच्या आत भावजय म्हणली, "बायको जिती असताना ह्या वयात हे धंदे करता व्हय?"

म्या मृत्यूचा दाखला काढून टेबलावर ठेवला. सलीमभाईंनी सोबत न्यायला सांगितलेला. सारोळ्याच्या बाईनं तारीख वाचली आन तिचा चेहराच उतरला. "सातच म्हयनं," ती म्हणली. "ती बाई पण सातच म्हणती."

कोण बाई, म्या इचारलं.

तिनं मोबाईल लावला. माझा आवाज — "माझं वय..." आन म्या थांबलेलो. मग "साठ." त्या दोघी म्हणल्या, मधी एक बाई सांगती, "अडुसष्ट लिवा." आन म्या तीन वर्षं म्हणलो तिथं, "सात म्हयनं लिवा."

 रेशनच्या हापिसात, दवाखान्यात, कुणी वय इचारलं की म्या हौसाकडं बघायचो. मला आकडा ध्यानात राहत न्हाई. ती मागून सांगायची — एवढे लिवा. हे सारोळ्यात कुणाला ठावं असणार?

पण मला काय ऐकू येईना. म्हणलं परत लावा. परत लावलं. चहावाला वाकून ऐकून गेला, तो म्हणला, व्हय की, बाई हाय. पाच-सहा वेळा लावायला लावलं म्या, कानाला धरून. मला नुसता माझा आवाज, मधी शांत.

शेवटी तिनं मोबाईल हळूच काढून घेतला. "भाऊ," ती म्हणली, "आता घरी जावा."

नाव काढून टाकलं. सलीमभाई म्हणले, मशीनचा घोटाळा असंल. पण मशीनला माझं वय कुठनं कळावं?

अजून दुपारी गोठ्यात जातो. मोबाईल धरून "माझं वय..." म्हणतो, थांबतो, मग खरं वय सांगतो. लावून ऐकतो. म्हशीचा रवंथ येतो, साखळी वाजलेली येते. तिचं काय ऐकू येत न्हाई. दुसऱ्या कुणाच्या कानाला लावून इचारावं वाटतं, ती हाय का ह्याच्यात. सून तर दहा पावलांवर असती. पण तिला ऐकवायचं म्हणजे पहिला आवाज भरला तो कुणासाठी, कशापायी, हे सांगावं लागंल... आन ते माझ्या तोंडातनं निघत न्हाई.